बालकाशी वर्तन

मंगळवारी निरीक्षणाला मॅडम येणार म्हणून राखीनं सोमवारपासूनच पोरांना बजावून ठेवलं होतं, अंगणवाडीत फक्त मराठी बोलायचं. पोरं तीन ते सहा वर्षांची. घरात, अंगणात, भांडणात आणि झोपेतसुद्धा गोरबोली बोलणारी. बंजाऱ्यांच्या तांड्यावरची पोरं दुसरं काय बोलणार? पण राखीच्या फायलीत पहिल्याच पानावर लिहिलेलं होतं, 'सर्व बालके मराठी समजतात व मराठीतून उत्तरे देतात.' हे वाक्य सुपरवायझर कुंदा मॅडमनी सुचवलं होतं. असं लिहिलं की वजन पडतं म्हणे. राखीनं लिहून टाकलं होतं. आता ते खरं करून दाखवायचं काम पोरांच्या गळ्यात आलं होतं.

राखी देवसिंग राठोड ही मुकुटबन गावापासून आत, जंगलाला लागून असलेल्या बोरधरा तांड्याची अंगणवाडी सेविका. अकरा वर्षं झाली. तांड्यात बारावी झालेली पहिली सून म्हणून ती लागली, आणि तेव्हापासून तिला राखी कोणी म्हणत नाही, बाई म्हणतात. चारेक वर्षांपूर्वी नवा नियम आला, बालशिक्षणाचं सर्टिफिकेट पाहिजे. सहा महिने दर शनिवारी तालुक्याला जाऊन, मणी ओवून, चिंध्यांच्या बाहुल्या करून, पेपर देऊन तिनं ते मिळवलं. पण त्याच्यावर औषधाच्या बाटलीसारखी तारीख होती. तीन वर्षं संपली की नूतनीकरण. फाइल द्यायची, बाहेरच्या संस्थेची मॅडम येऊन निरीक्षण करणार, आणि पास झाली तरच पुढची तीन वर्षं. नाहीतर पद जाणार आणि सर्टिफिकेट असलेली दुसरी त्या जागी बसणार.

दुसरी लांब शोधायला नको होती. निकिता तांड्यावरच होती. बारावी झालेली, गेल्या वर्षी सहा महिने यवतमाळला भावाकडे राहून तोच कोर्स करून आलेली. आणि निकिता ही सुखीबाईची सून. सुखीबाई म्हणजे राखीच्या अंगणवाडीतली मदतनीस. अकरा वर्षं चूल पेटवणारी, पोरांची नाकं पुसणारी, राखी तापानं पडली तर एकटीनं केंद्र चालवणारी. राखी तिला काकी म्हणायची. निकिता कोर्स करून आल्यापासून जरा जपून म्हणायला लागली होती.

मंगळवारी ऋचा मॅडम आल्या. यवतमाळच्या, तिशीच्या आतल्या, पायात स्वच्छ बूट. बोलणं मऊ. मऊ बोलणारी साहेबी माणसं राखीला जास्त भीतीची वाटायची, कारण ओरडणारा निदान काय चुकलं ते सांगून ओरडतो. मॅडमनी गोष्ट ऐकली, ठोकळ्यांचा खेळ पाहिला, वजनकाटा पाहिला, भिंतीवरचे तक्ते पाहिले. पोरं शिकवल्यासारखी मराठीत नमस्ते म्हणाली, रंगांची नावं म्हणाली. राखीच्या पाठीवरून घाम उतरत होता, पण सगळं बरं चाललं होतं.

मग मॅडम म्हणाल्या, "आता एका मुलाशी मी एकटीच बोलेन. तुम्ही आतच थांबा."

त्यांनी बोट केलं ते नेमकं गुंजनकडे. साडेचार वर्षांची गुंजन, निकिताची पोरगी, सुखीबाईची नात. मॅडम तिला बाहेर पडवीत घेऊन गेल्या. तिथंच चुलीवर सुखीबाई खिचडी हलवत होती. राखीला खिडकीतून दिसत होतं, ऐकू येत नव्हतं. मॅडम उकिडव्या बसल्या. काहीतरी विचारलं. गुंजननं आजीकडे पाहिलं. सुखीबाईनं मान हलवली. गुंजन काहीतरी बोलली. मॅडमनी पुन्हा विचारलं, पोरीनं पुन्हा आजीकडे पाहिलं. मग मॅडम कागदावर लिहायला लागल्या, आणि बराच वेळ लिहीत राहिल्या.

जाताना त्यांनी चहा घेतला नाही.

गुरुवारी दुपारी मोबाईल वाजला. तालुक्यातल्या सगळ्या सेविकांच्या ग्रुपवर यादी आली होती. चौदा नावं. तेरा नावांपुढे 'मंजूर'. नवव्या नंबरला राखी देवसिंग राठोड, 'प्रलंबित. बालकाशी वर्तनाबाबत गंभीर नोंद. सोमवारी लेखी खुलाशासह हजर राहावे.' खाली अभिनंदनाची फुलं पडायला लागली. तेरा जणींना फुलं. नवव्या नंबरबद्दल कोणी अक्षर लिहिलं नाही, पण वाचलं सगळ्यांनी. राखीनं कुंदा मॅडमना फोन लावला.

"मॅडम, हे काय आहे? वर्तन म्हणजे काय केलं मी?"

"आता मी काय सांगू राखी. एका मुलीनं सांगितलं म्हणे, बाई मारतात."

"कोनं सांगतलं?"

"ते कसं सांगणार मी? गोपनीय असतं."

गोपनीय! मॅडम बोलल्या होत्या एकाच पोरीशी. अकरा वर्षांत राखीनं कुण्या पोराला बोट लावलं नव्हतं. दुसऱ्या केंद्रांवर छड्या असायच्या, कोपऱ्यात उभं करणं असायचं. हिच्या केंद्रात नव्हतं, आणि ह्याचा तिला मनातून अभिमान होता. नेमकं तेच कोणीतरी हेरून तिच्यावर उलटवलं होतं. साडेचार वर्षांची पोर हे आपल्या मनानं बोलत नाही, असं तिनं तिथंच ठरवून टाकलं.

घरी सासू रुपीबाई अंगणात वेचून आणलेल्या कापसातला कचरा निवडत होती. गुडघे दुखतात म्हणून पाय लांब सोडलेले. राखीनं सगळं सांगितलं. त्यांचं बोलणं गोरबोलीत झालं. ते आणि तांड्यावरचं पुढचं सगळं इथं वऱ्हाडीत लिहिलंय, कळावं म्हणून.

"मी तुले कवाचीच सांगून राह्यली," रुपीबाई म्हणाली. "सुनेले कोर्स कायले करू देल्ला तिनं? घरी पापड लाटाले?"

"पन काकी तशी नाही, याडी." राखी सासूला याडी, म्हणजे आई, म्हणायची.

"तशी नाही म्हन. पद गेल्यावरही म्हन. पोरीनं कोनाकडं पाह्यलं होतं बोलाच्या आधी?"

राखीला खिडकीतून दिसलेलं ते हललेलं डोकं आठवलं.

संध्याकाळी नवरा देवसिंग शेतातून आला, खांद्यावर कापसाचं गाठोडं. त्यानं ऐकलं, पाणी प्यायला, पुन्हा तांब्या भरून घेतला. "इचार ना सरळ सुखीकाकीले," तो म्हणाला. "डोक्स खराब करून घेन्यापरीस."

"इचारलं त खरं सांगन का ते?"

"मंग नोको इचारू," देवसिंग म्हणाला आणि हातपाय धुवायला गेला. पुरुषांना दोनच रस्ते दिसतात, असं राखीला वाटलं आणि त्याचाही राग आला.

शुक्रवारी ती अर्धा तास आधी केंद्रावर गेली. कुलूप पाहिलं. फायली मोजल्या. हजेरीचं रजिस्टर पान न् पान उलटलं, कुठं कोणी शाई लावली का म्हणून. तांदळाच्या पोत्याच्या तोंडाला तिनं नवी गाठ मारून ठेवली, तिची तिलाच सुटेल अशी. उद्या कोणी म्हणालं तांदूळ कमी आहे, तर? सुखीबाई आली, पदर खोचला, पोत्यापाशी बसली.

"हे गाठ कोनं मारली? मले सुटून नाही राह्यली."

"मी मारली."

"काहून?"

"उंदीर झाले लय."

सुखीबाईनं वर पाहिलं. "उंदरानं कधी गाठ सोडली का बाप्पा?"

राखीनं येऊन गाठ सोडून दिली. सुखीबाईनं तांदूळ मोजून घेतले आणि उरलेलं पोतं स्वतःच तिच्यापुढे सरकवलं, बांध म्हणून. तिच्या तोंडावर हसू होतं की दुखावलेपण होतं, राखीला कळलं नाही, आणि कळून घ्यायची तिची तयारीही नव्हती. खिचडी झाल्यावर पोरांच्या आधी तिनं स्वतः चमचाभर खाऊन पाहिली. मीठ बरोबर होतं. मीठ बरोबर असल्याचंही तिला वाईट वाटलं. आता माणूस इतका खाली उतरला की त्याला काहीही वाईट वाटतं.

दहाच्या सुमाराला निकिता गुंजनला सोडायला आली. उशीर झाला होता.

"बाई, तुमचं रिनिव्हल झालं का?" तिनं दारातूनच विचारलं.

"तुले काहून पायजे?"

"सहज इचारलं. माह्या सर्टिफिकेटवर बी तीन वरसाचीच तारीख हाय. का का कागद लागते, म्हनलं इचारून ठेवाव."

"लागन तवा सांगतीन तुले. तयारीत राह्य."

निकिताला बोलण्यातला काटा कळला असावा, ती पोरीला आत ढकलून निघून गेली. सुखीबाई चुलीपाशी होती. तिनं ऐकलं, पण चुलीतलं लाकूड मागे ओढण्यापलीकडे काही केलं नाही.

राखीनं पोरांना सतरंजीवर बसवलं, चित्रांची पुस्तकं वाटली. गुंजन तिसऱ्या ओळीत बसून पुस्तक उलटं धरून बघत होती. राखी तिच्यासमोर बसली. आवाज गोड केला. तो गोड आवाज तिचा तिलाच ओळखू आला नाही.

"गुंजन, त्या दिशी मॅडम आलत्या ना, त्याइले तू का सांगतलं?"

गुंजननं पुस्तकाचं पान उलटलं.

"सांग ना वं. मी नाही रागवत."

गुंजन पुस्तकातल्या हत्तीच्या सोंडेवर बोट फिरवत राहिली.

"तुले कोनं शिकवलं होतं ते सांगाले?"

पोरगी आता वर बघून म्हणाली, "दादीनं."

राखीचा हात उठला कधी आणि गालावर पडला कधी, तिला कळलं नाही. चापटीचा आवाज मोठा झाला. एकवीस पोरं एकदम गप्प झाली. गुंजन रडली नाही. तिचं तोंड उघडं राहिलं, गालावर बोटं उमटायला लागली, आणि ती राखीकडे नवलानं बघत राहिली. राखीला वाटलं हा हात कोपरापासून तोडून टाकावा. पण त्याच वेळी दुसरंही वाटत होतं, की सापडलं, शेवटी सापडलं, पोरीनं स्वतःच्या तोंडानं सांगितलं. ह्या दुसऱ्या वाटण्यानं पहिलं दाबून टाकलं.

दारात सुखीबाई उभी होती. हातात पळी.

ती आत गेली, ताटल्या आणल्या, सगळ्या पोरांना वाढलं. गुंजनला मांडीवर घेऊन स्वतःच्या हातानं भरवलं. ताटल्या धुतल्या, पालथ्या घातल्या, चुलीवर पाणी टाकलं. मग नातीला कडेवर घेऊन निघाली. एरवी ती केंद्राची दुसरी किल्ली कनवटीला लावून घरी न्यायची. त्या दिवशी किल्ली तिनं रजिस्टरवर ठेवली.

आता मात्र ती खरी तक्रार करणार, आणि आता तिच्याजवळ गालावरची बोटं आहेत. शनिवार-रविवार राखीनं ह्याच एका विचारात काढले. तांड्यातून बायका वेचणीला जाताना हसल्या तरी तिला वाटायचं आपल्यावरच हसल्या. रविवारी सुखीबाईच्या घरासमोर मोटारसायकल उभी दिसली. कोण आलं असेल? तिनं रुपीबाईला पाहायला पाठवलं. सासू दुखऱ्या गुडघ्यांनी काठी टेकत गेली आणि सांगत आली, निकिताचा भाऊ हाय, सीताफळं घेऊन आला. आता हंगाम संपल्यावर सीताफळं कुठून आली, ह्याच्यावर दोघींनी अर्धा तास विचार केला.

दुपारी बसून तिनं खुलासा लिहिला. अक्षर चांगलं काढलं. 'मदतनीस श्रीमती सुखीबाई यांनी आपल्या सुनेस सेविकापदी बसविण्याच्या हेतूने आपल्या नातीस खोटे बोलण्यास शिकविले आहे. मी कोणत्याही बालकास मारलेले नाही.' शेवटच्या वाक्यापाशी पेन अडला. निरीक्षणाच्या दिवसापर्यंत ते खरं होतं. तिनं थोडा विचार केला आणि पूर्णविराम दिला.

सोमवारी सकाळच्या बसनं ती तालुक्याला गेली. ऑफिसात धम्मरत्न नावाचा क्लार्क होता, मफलर गुंडाळलेला, खोकत असलेला. त्यानं तिची फाइल काढली.

"खुलासा आनला का बाई?"

"आधी सांगा सायेब, कोनं तक्रार केली?"

"तक्रार? तक्रार कोनाचीच नाही."

"शुक्रवारची बी नाही? शनिवारची?"

"शुक्रवारी का झालं?" धम्मरत्ननं चष्म्यावरून पाहिलं.

"काही नाही," राखी घाईनं म्हणाली. "मंग नोंद कायची हाय?"

"निरीक्षणाच्या कागदाची हाय. तसा दाखवाचा नसते. पन आता खुलासा लिवाचा म्हनल्यावर तुमाले माहीत त पाह्यजे." त्यानं फायलीतला एक कागद उलटा करून टेबलावर सरकवला आणि स्वतः खोकायला खिडकीपाशी गेला.

मॅडमचं अक्षर बारीक, सुबक. राखी शब्दाशब्दानं वाचत गेली.

'प्रश्न: बाई मारतात का? उत्तर: "मारं, कोणी." प्रश्न: कोणी म्हणजे कोण? कोण मारतं? उत्तर: "मारं, कोणी." बालिकेने पुन्हा तेच सांगितले. उत्तर देण्यापूर्वी बालिका मदतनिसाकडे पाहत होती. भीती स्पष्ट दिसून आली. मारणाऱ्या व्यक्तीचे नाव सांगण्यास ती घाबरत असावी.'

राखीनं ते पुन्हा वाचलं. मग ओठ हलवून, गुंजनच्या आवाजात, गोरबोलीत वाचलं. ती समोरच्या बाकड्यावर बसली.

"का झालं?" धम्मरत्न म्हणाला. "पानी पाह्यजे का?"

"सायेब, हे कोनी म्हंजे कोनीतरी नव्हे."

"कोनी म्हंजे कोनीतरीच ना. कोनी मारते म्हनते पोरगी."

"ते तुमच्यात. आमच्यात कोनी म्हंजे नाही. जावं कोनी म्हंजे जात नाही. खावं कोनी म्हंजे खात नाही." तिनं कागदावरच्या शब्दांवर बोट ठेवलं. "मारं कोनी म्हंजे मारत नाही. बाई मारत नाही म्हने ते. दोनदा म्हने."

धम्मरत्ननं कपाळावर हात मारून घेतला आणि हसायला लागला, आणि हसता हसता त्याला पुन्हा खोकला आला. राखीला हसू आलं नाही. पोरीनं मराठीचा सगळा पाठ बाजूला सारून, परक्या बाईसमोर, आपल्या भाषेत आपल्या बाईची बाजू घेतली होती. दोनदा घेतली होती. आणि शुक्रवारी ह्याच पोरीच्या गालावर आपण बोटं उमटवली. राखीला इतकी लाज वाटली की तिनं पदर तोंडाशी धरला. पिशवीतला खुलासा तिला गरम निखाऱ्यासारखा वाटायला लागला.

धम्मरत्ननं तिथूनच ऋचा मॅडमना फोन लावून तिच्या हातात दिला. मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "पण तुमच्याच फायलीत लिहिलंय, सर्व बालके मराठीतून उत्तरे देतात. मी मराठीच ऐकणार ना?"

"हो मॅडम."

"म्हणजे ते वाक्य खरं नाही?"

राखीनं धम्मरत्नकडे पाहिलं. तो दुसरीकडे बघत होता. "नाही, मॅडम. पोरं गोरबोली बोलतात."

"अहो, मग तसं लिहायचं! मातृभाषेतून शिकवता ही चांगली गोष्ट आहे, त्याला जास्त गुण आहेत." त्यांचा आवाज आता खरोखर मऊ झाला होता. "माझीही चूक झाली. मी कोणालातरी विचारायला हवं होतं. मी नोंद बदलते. फक्त एक स्वयंघोषणापत्र द्या, म्हणजे प्रश्न मिटला. तुम्ही मारत नाही ना मुलांना?"

पंखा फिरत होता. टेबलावरचे कागद एका कडेनं उचलले जात होते.

"नाही," राखी म्हणाली.

घोषणापत्र छापील होतं. 'मी गेल्या तीन वर्षांत कोणत्याही बालकास शारीरिक वा मानसिक शिक्षा केलेली नाही.' खाली तिची सही, आणि तिच्या शेजारी, 'साक्षीदार म्हणून केंद्रातील मदतनीस यांची सही'. उद्या अकराच्या आत द्या, धम्मरत्न म्हणाला, मग यादी यवतमाळला जाते. येताना बसमध्ये तिनं खुलाशाचे बारीक तुकडे केले आणि जंगल लागल्यावर खिडकीतून सोडले.

तांड्यावर उतरली तेव्हा चार वाजत होते. केंद्राला कुलूप होतं. किल्ली तिनं सकाळी देवसिंगच्या हातानं पाठवली होती, आणि एकपर्यंत केंद्र चालवून सुखीबाई पलीकडच्या वावरात वेचणीला गेली होती. राखी तशीच पिशवी घेऊन धुऱ्याधुऱ्यानं, शेताच्या बांधावरून निघाली. मधली तूर शेंगांवर आली होती, अंगाला घासत होती. कापसाच्या ओळीत बायका वाकलेल्या. सुखीबाई टोकाला एकटी होती, कमरेला बांधलेल्या ओटीत कापूस भरून पोट वर आल्यासारखी. तिनं राखीला लांबूनच पाहिलं. धुऱ्यावर बसलेल्या गुंजनला हाक मारली, पदराचं टोक ओलं करून तिचं तोंड पुसलं, केस मागे सारले आणि तिला आपल्यापुढे उभं केलं.

राखी आली. गालाकडे तिनं बघायचं टाळलं, तरी तिला दिसलं की बोटं गेली होती.

"काकी," ती म्हणाली, आणि सगळं सांगून टाकलं. मॅडमनी काय विचारलं, पोरीनं काय सांगितलं, मॅडमनी काय लिहिलं. सुखीबाई आधी नुसती ऐकत राहिली. मग तिच्या खांद्यांना गदगद हिसके बसायला लागले, आणि ती मोठ्यानं हसली.

"अवं माय! कोनी म्हंजे कोनी! आन् मी तिथंच बसून होती चुलीपाशी. मले वाटे पोरगी किती छान सांगून राह्यली."

"तुमी मान हलवली होती."

"हलवली. सकाऊनच सांगतलं होतं मी तिले, मॅडम इचारन ते खरं सांगजो, भेऊ नोको. ते भ्याली, माह्याकडं पाह्यलं तिनं. म्हनलं सांग." सुखीबाईचं हसू हळूहळू थांबलं. "शुकरवारी तू तेच इचारलं होतं का तिले? कोनं शिकवलं म्हून?"

राखीनं मान खाली घातली. आता बोलावं, आत्ताच बोलावं, असं तिला वाटलं. पण ऊन उतरत होतं, अकराची मुदत डोक्यात होती, आणि हात पिशवीत गेला.

"काकी, एक सही पाह्यजे होती. उद्या द्या लागते."

सुखीबाई सातवी शिकलेली. तिनं ओटी सोडून ठेवली, हात लुगड्याला पुसले आणि कागद लांब धरून मोठ्यानं वाचायला लागली. "मी... गेल्या... तीन वर्षांत... कोणत्याही... बालकास... शारी... शारीरिक... हे का लिवलं हाय?"

"ते," राखी म्हणाली. "ते मी पोरायले मारत नाही, असं हाय."

हे तिला गोरबोलीत, पोरीच्याच शब्दांत सांगावं लागलं, कारण तिघींची बोली तीच होती. गुंजन दोघींच्या मध्ये उभी होती. तिनं राखीकडे पाहिलं, मग कागदाकडे पाहिलं.

सुखीबाईनं बाकीचं वाचलं नाही. "पेन दे," म्हणाली. खाली बसली, मांडीवर कागद घेतला. राखीनं फाइल खाली धरायला दिली. एकेक अक्षर काढायला तिला वेळ लागला. कापूस वेचून बोटांच्या पेरांना चिरा पडलेल्या होत्या, पेनची पकड सुटत होती. सही झाल्यावर तिनं ती एकदा वाचून पाहिली आणि कागद परत दिला.

"होईन ना आता तुहं?"

"होईन."

"बरं झालं." सुखीबाईनं ओटी उचलली, कमरेला बांधायला लागली. गाठ मारता मारता, राखीकडे न बघता, ती म्हणाली, "तू धुऱ्यावरून येतानी दिसली ना, तवा मी पोरीचं तोंड पुसलं. म्हनलं, बाई तिले पाहाले आली."

राखीच्या हातात कागद होता. त्याला चुरगळ्या पडू नयेत म्हणून तिनं तो फायलीत ठेवला, फाइल पिशवीत ठेवली. मान वर केली तेव्हा सुखीबाई दोन ओळी पुढे गेली होती, आणि तिच्यामागे तिचं लुगडं धरून गुंजन चालली होती. हाक मारावी असं राखीला फार वाटलं. काय म्हणून हाक मारावी हे सुचेपर्यंत त्या आणखी पुढे गेल्या.

दुसऱ्या दिवशी ती पहिल्या बसनं गेली. कागद अकराच्या आत पोचला. आठवड्यानं ग्रुपवर नवी यादी आली, तिच्या नावापुढे 'मंजूर' होतं, आणि बालकाशी वर्तन ह्या रकान्यात 'उत्तम'. ह्या वेळी फुलं तिलाही पडली. पुढच्या तीन वर्षांसाठी राखी देवसिंग राठोड लहान मुलांना शिकवायला पात्र ठरली.